पणजीचं माहेरचं नाव काय होतं?

समजा, तुम्ही चेन्नईत राहता. मुलगी अमेरिकेत, मिशिगन राज्यात. जावई तिथलाच, पण त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सहून बोटीने आलेले. मिशिगनमध्ये असे लोक भरपूर आहेत. तिथे ‘हॉलंड’ नावाचं एक गावच आहे. १८४७ साली डच कुटुंबांनी ते वसवलं.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. नातीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितलाय. ती कागद कॅमेऱ्यासमोर धरते. बाबांच्या बाजूच्या फांद्या थेट १८०० च्या आसपास पोचल्या आहेत. त्या बाजूच्या प्रत्येक बाईचं लग्नाआधीचं नावसुद्धा लिहिलेलं आहे. आईच्या बाजूला मात्र तीन पिढ्यांनंतर कोरी चौकट.

“आजी, तुझ्या आजीचं नाव काय होतं?”

“आम्ही तिला मोठी आई म्हणायचो गं.”

“ते नाही. खरं नाव. आणि तिच्या आईचं?”

इथे तुम्ही गप्प होता. तुमच्याच घरातल्या त्या बाईच्या हातचं तुम्ही जेवलात, तिच्या कुशीत झोपलात, पण तिचं माहेरचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. आणि हजारो मैलांवरच्या विहीणबाईंची खापरपणजी नावागावासकट कागदावर आहे. हे असं का झालं? त्यांच्या घरात माणसांची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली होती, असं नाही. नाव लिहून ठेवायच्या पद्धतीत फरक होता. ती पद्धत समजून घेतली, तर नातीच्या कागदावरच्या काही चौकटी आजही भरता येतील.

डच नाव आणि चेन्नईचं इनिशिअल

डच कुटुंबांचा शोध घेताना सुरुवातीलाच एक अडथळा येतो. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या पुष्कळ कुटुंबांना कायमचं आडनावच नव्हतं. यानचा मुलगा पीटर असेल तर तो ‘पीटर यान्स’, आणि पीटरचा मुलगा हेंड्रिक असेल तर तो ‘हेंड्रिक पीटर्स’. प्रत्येक पिढीत शेवटचं नाव बदलणार. अमेरिकेतल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो. चेन्नईतल्या शाळकरी मुलाला लागत नाही, कारण त्याच्या नावाआधीचं इनिशिअल म्हणजे वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि तेही प्रत्येक पिढीत बदलतं. आपल्या मराठी नावात मधोमध वडिलांचं नाव येतं, तोही त्याच जातीचा प्रकार.

१८११ साली नेदरलँड्स नेपोलियनच्या ताब्यात होतं. त्या वर्षी ज्यांना आडनाव नाही त्यांनी ते नोंदवावं असा हुकूम निघाला आणि देशभर जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. त्यामुळे १८११ नंतरचा डच माणूस शोधणं तुलनेने सोपं आहे. लग्नाच्या नोंदीला तर पुरवणी कागद जोडलेले असतात. वधू-वरांच्या जन्माचे दाखले आणि आई-वडील वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचे दाखले. एक लग्न सापडलं की दोन पिढ्या हाताला लागतात.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. डच नोंदींत बाई जन्मभर आपल्या माहेरच्या नावानेच राहते. लग्न झालं, मुलं झाली, नवरा गेला, ती स्वतः गेली, तरी मृत्यूच्या दाखल्यावर नाव तेच. नवऱ्याचं नाव ‘अमक्याची पत्नी’ म्हणून शेजारी येतं. १८११ च्या आधीच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतही आईचं स्वतःचं नाव पुष्कळदा मिळतं, आणि साक्षीदार म्हणून आत्या, मामा, आजी यांची नावं येतात. तुमच्या नातीच्या बाबांकडच्या फांद्या भरल्या, त्यामागचं मुख्य कारण हे.

आणखी एक खूण. पहिल्या मुलाला वडिलांच्या किंवा आईच्या वडिलांचं नाव, पहिल्या मुलीला आजीचं नाव, ही चाल डच घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतातच. त्यामुळे चार भावंडांची नावं क्रमाने मिळाली की आजी-आजोबांच्या नावांचा अंदाज बांधता येतो. मात्र अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. कागद मिळेपर्यंत तो पेन्सिलने लिहावा.

अमेरिकेत बाई कुठे हरवते?

डच माणसं मिशिगनच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेत होती. आजचं न्यूयॉर्क हे त्यांचं न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ मध्ये ते इंग्रजांनी घेतलं, पण हडसन नदीच्या काठाने आणि न्यू जर्सीत डच बोलणारी गावं पुढे दीड-दोनशे वर्षं टिकली. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन लहानपणी घरात डचच बोलत. रूझवेल्ट हे घराणंही मूळचं डच.

इंग्रजांच्या अमलात या कुटुंबांनी हळूहळू कायमची आडनावं घेतली. त्याबरोबर इंग्रजी चालही आली. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलायचं. मग शोध घेणाऱ्याची पंचाईत सुरू होते. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८५० च्या आधी तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बाकी घरातल्यांची वयोगटांप्रमाणे नुसती संख्या. गुलामीत असलेल्या माणसांची तर १८५० आणि १८६० मध्येही नावं नाहीत, मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग एवढंच. त्यांचे आजचे वंशज याच भिंतीपाशी अडकतात.

१८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले. म्हणून १८८० ते १९०० या वीस वर्षांत लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी शोधणं अवघड जातं. उलट १९०० च्या जनगणनेत प्रत्येक आईला एक प्रश्न विचारला गेला होता. किती मुलं जन्मली आणि त्यांतली किती आज जिवंत आहेत? ‘नऊ, पाच’ अशी उत्तरं तिथे सापडतात. वंशवृक्षावर कुठेच न येणारी चार मुलं त्या दोन आकड्यांमध्ये असतात.

अमेरिकेत जनगणनेचे कागद ७२ वर्षं गुप्त ठेवून मग खुले करतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले आणि आज घरबसल्या मोबाईलवर पाहता येतात. आपल्याकडच्या जनगणनेत घरोघरी भरलेले कागद असे पाहायला मिळत नाहीत. त्यामुळे आपली वाट वेगळी. त्या वाटेकडे येण्याआधी चेन्नईतच एक फेरी मारू. डच आणि अमेरिकन, दोन्ही घराण्यांच्या खुणा इथे रस्त्याच्या अंतरावर आहेत.

पुलिकतचे दगड

चेन्नईच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर पुलिकत आहे. तमिळमध्ये पळवेर्काडू. लोक तिथे सरोवर आणि पक्षी पाहायला जातात. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१३ मध्ये तिथे गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला. १६९० मध्ये कारभार नागपट्टणला हलवेपर्यंत कोरोमंडल किनाऱ्यावरचं डचांचं मुख्य ठाणं ते होतं. किल्ला आता झाडीत गेला आहे, पण पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालची डच दफनभूमी उभी आहे. दाराशी सांगाडे कोरलेले खांब, आत मोठमोठ्या शिळा. त्यांवर नाव, हुद्दा, तारीख आणि घराण्यांची चिन्हं कोरलेली.

अशा दगडावरचं एक नाव घेऊन आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत पोचता येतं. कंपनीच्या जहाजांवर अठराव्या शतकात कोण चढलं, कुठल्या गावचं, पगार किती, कुठे मेलं, याच्या लाखो नोंदी तिथे नावाने शोधता येतात. डच कंपनीच्या दप्तराला २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत स्थान मिळालं. या दप्तराचा एक भाग चेन्नईतच, एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात आहे. त्यात जास्त कागद कोचीनच्या डच कारभाराचे आहेत.

पण ज्या किनाऱ्यावरून कंपनीने कापड नेलं, तिथूनच तिने माणसंही विकत घेऊन नेली. बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, श्रीलंकेला, आफ्रिकेच्या टोकाला केपटाउनला. तिथल्या कागदांत या माणसांना मालकांनी दिलेलं एखादं नाव आणि पुढे ‘बंगालची’, ‘मलबारची’, ‘किनाऱ्याची’ एवढंच. आई कोण, गाव कुठलं, काही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आणि इंडोनेशियाशी नातं असलेल्या डच कुटुंबांचा वंशवृक्ष मागे नेत गेलं की कधीकधी अशी एक ‘किनाऱ्याची’ बाई भेटते आणि फांदी तिथेच थांबते. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर असताना डचांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात माणसं विकत घेण्याला त्यांनी बंदी घातली होती. बंदी घालावी लागली, यावरून तो व्यापार किती चालत असेल याची कल्पना येते.

किल्ल्यातली पहिली लग्ननोंद

आता चेन्नईत परत. फोर्ट सेंट जॉर्ज, म्हणजे जिथे आज तमिळनाडूची विधानसभा भरते, त्या किल्ल्यात सेंट मेरी चर्च आहे. ते १६८० च्या ऑक्टोबरमध्ये खुलं झालं. त्याच्या नोंदवहीतलं पहिलं लग्न ४ नोव्हेंबर १६८० चं. वर एलिहू येल. जन्म १६४९, गाव अमेरिकेतलं बोस्टन. पुढे १६८७ ते १६९२ तो मद्रासचा गव्हर्नर होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला १७१८ मध्ये त्याचं नाव मिळालं, कारण त्याने तिथल्या कॉलेजला पुस्तकं आणि विकून पैसे उभे करता येतील असा माल पाठवला होता.

वधू कॅथरीन. मद्रासमधले कंपनीचे अधिकारी जोसेफ हिनमर्स त्याच वर्षी वारले होते, त्यांची ती विधवा. लग्नाच्या वेळी तिचं आडनाव हिनमर्स होतं, लग्नानंतर येल झालं. तिचं जन्माचं आडनाव एल्फर्ड, पण ते हवं असेल तर शोध दुसऱ्या कागदांत घ्यावा लागतो. तिचा आणि येलचा मुलगा डेव्हिड लहानपणीच मद्रासमध्ये गेला. त्याची आणि हिनमर्सची थडगी उच्च न्यायालयाच्या आवारात जवळजवळ आहेत. डेव्हिड हे एलिहूच्या वडिलांचं नाव. म्हणजे आजोबांचंच नाव नातवाला.

तीन मुली वाढल्या आणि त्यांतल्या दोघींनी इंग्लंडच्या मोठ्या घराण्यांत लग्नं केली. येल आडनाव या शाखेत पुढे गेलं नाही, पण वंश मुलींकडून चालू राहिला. आडनाव संपलं म्हणजे घराणं संपलं, अशी आपली समजूत असते. कॅथरीनच्या मुलींकडे पाहिलं तर ती किती तोकडी आहे हे कळतं.

तुमच्या ओळखीत कुणाचे पूर्वज मद्रास इलाख्यात ख्रिस्ती असतील, तर एक उपयोगाची माहिती. इथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि पुष्कळशा ऑनलाइन शोधता येतात.

तिंडिवनमची ती रात्र

डच आणि अमेरिकन धागे एकाच घरात गुंफलेले पाहायचे असतील तर स्कडर घराण्याकडे यावं लागतं. न्यू जर्सीत १७९३ मध्ये जन्मलेले डॉ. जॉन स्कडर १८१९ साली पत्नी हॅरिएटसह अमेरिकेतून निघाले. आधी श्रीलंका, मग १८३६ मध्ये मद्रास. आडनाव इंग्रजी मुळाचं, पण चर्च डच. ‘रिफॉर्म्ड प्रोटेस्टंट डच चर्च’ असं त्याचं नाव होतं आणि १८६७ मध्ये त्यातला ‘डच’ शब्द गाळला गेला. त्यांच्या मुलांनी १८५३ मध्ये अर्काट मिशन सुरू केलं. चार पिढ्यांत या घराण्यातल्या चाळीसहून अधिक जणांनी भारतात काम केलं, असं सांगतात.

त्यांची नात आयडा १८७० मध्ये राणीपेटला जन्मली. तरुणपणी तिला इथे राहायचं नव्हतं. आईच्या आजारपणामुळे ती अमेरिकेहून तिंडिवनमला आली. तिथे एका रात्री तीन घरांतून, एकामागून एक, तीन पुरुष दारात आले. प्रत्येकाची बायको बाळंतपणात अडली होती. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टरने बायकोला तपासावं हे तिघांपैकी कुणालाच चालणारं नव्हतं. आयडा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिघीही गेल्या.

आयडा परत गेली, अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेतलं, १९०० मध्ये वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना उघडला आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा. तेच आजचं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. आपल्यातल्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी उपचारासाठी तिथे जाऊन आला असेल.

स्कडर घराण्याच्या पिढ्या, तारखा, लग्नं सगळं छापील मिळतं. ज्या तिघींच्या मरणाने हे सारं घडलं, त्यांची कथा शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते आहे. तिच्यात नवऱ्यांच्या जाती-धर्माचा उल्लेख असतो. त्या तिघींची नावं मात्र येत नाहीत.

आता आपलं घर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. राजाचा वंश असा दगडावर जातो. तंजावरच्या राजवाड्यातल्या बायकांची नावं कुठे टिकली? पुष्कळदा धर्मशाळांच्या नावांत. ओरत्तनाडूची मुक्तांबाळ छत्रम हे त्यातलं ठळक उदाहरण. घराण्यातल्या बाईचं नाव वंशावळीत नसेल तर देणगीत, देवळात, विहिरीच्या पाटीवर शोधावं, हे तंजावरकडून शिकण्यासारखं आहे.

तंजावरहून पुढे मद्रासला आलेल्या मराठी कुटुंबांत आणखी एक गुंता असतो. पुष्कळांची आडनावं सुटली आणि नुसतं ‘राव’ राहिलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांच्या नावातला ‘टी’ तंजावरचा. अशा कुटुंबात आडनावाच्या मागे लागून उपयोग नाही. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव हे तीन धागे धरावे लागतात. जुने कागद मोडीत असतात, म्हणून ते वाचणारा माणूसही शोधावा लागतो.

आणि मराठी घरांतली सगळ्यात मोठी अडचण तर आपण हौसेने साजरी केलेली असते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. नाव घ्यायला लावतात, पेढे वाटतात. डच बाईचं आडनावही बदललं नाही, अमेरिकन बाईचं आडनाव बदललं, आपल्या पणजीचं आडनाव बदललं आणि पहिलं नावही. माहेरच्या कागदात ती यमुना, सासरच्या कागदात ती लक्ष्मीबाई. ती एकच बाई होती, हे सांगणारा कागद बहुधा कुठेच नसतो. ते फक्त एखाद्या जिवंत माणसाला ठाऊक असतं.

म्हणून आपला शोध अभिलेखागारात सुरू करायचा नाही. तो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून सुरू करायचा, आणि तोही याच आठवड्यात.

फोनवरचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून सुरू करा. “वंशावळ सांगा” म्हणू नका, कुणालाच ती अशी आठवत नाही. विचारा, “मोठ्या आईला माहेरी काय हाक मारायचे?” “तिचे भाऊ कुठून यायचे भाऊबीजेला?” “दिवाळीत तुम्ही कुठल्या मामाकडे जायचात?” “मंगळागौरीला कोण कोण यायच्या?” “लहानपणी गेलेली भावंडं किती?” शेवटचा प्रश्न जपून विचारा. त्याचं उत्तर देताना म्हातारी माणसंही रडतात.

मग कागद काढा. लग्नपत्रिकांवर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात. फोटोंच्या मागची बाजू पाहा. जुना शाळा सोडल्याचा दाखला मुलीच्या माहेरच्या नावाचा असतो, म्हणून तो सोन्याहून मोलाचा. गावाकडे जमीन असेल तर तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहा. माणूस वारल्यावर वारस लावताना विधवेचं आणि मुलींचं नाव येण्याची शक्यता तिथे असते. ‘हक्क सोडला’ म्हणून सही किंवा अंगठा दिलेली आत्या तिथेच भेटते.

तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो पाहा, पण एकाच घराण्याचा पाहून थांबू नका. पणजीचं माहेर कळलं तर त्या घराण्याचा कुलवृत्तांतही पाहा. सासरच्या पुस्तकात जी नुसती ‘पत्नी’ आहे, ती माहेरच्या पुस्तकात ‘कन्या’ म्हणून असू शकते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार अशा क्षेत्रांच्या उपाध्यांकडे घराण्याच्या वह्या असतात. यात्रेला गेलेल्या पूर्वजांच्या सह्या त्यांत सापडतात. हरिद्वारच्या काही वह्यांचं चित्रण ‘फॅमिलीसर्च’ या मोफत संकेतस्थळासाठी झालेलं आहे.

लाळेची नळी मागवण्याआधी

नातीच्या बाबांकडच्यांनी डीएनए चाचणी केलेली असते आणि तुम्हालाही आग्रह होतो. त्यातली एक गोष्ट खरोखर सुंदर आहे. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. आडनाव बापाची रेघ चालवतं, तशी ही आईची रेघ, नावं पुसली तरी न तुटणारी. पण ती चाचणी पणजीचं नाव सांगत नाही. आणि एकाची लाळ गेली की त्याच्या भावंडांची, मुलांचीही माहिती थोडीफार जाते. २०२३ मध्ये अशाच एका मोठ्या अमेरिकन कंपनीकडून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. म्हणून घरातल्यांना विचारल्याशिवाय नळी पाठवू नका. चाचणीत न ठाऊक असलेला भाऊ किंवा बहीण निघण्याची तयारीही ठेवा.

काहींसाठी मात्र हा शोध हौसेचा नसतो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून, चेन्नईतूनही, मुलं दत्तक म्हणून नेदरलँड्सला आणि अमेरिकेला गेली. ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतले काही इथे येतात आणि एकच नाव शोधतात, आईचं. काहींच्या कागदात ते खोटं निघतं, काहींच्या कागदात जागाच कोरी. दत्तकांच्या जुन्या व्यवहारात गंभीर गैरप्रकार झाल्याचं एका चौकशी समितीने सांगितल्यावर नेदरलँड्सने फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशातून दत्तक घेणं थांबवलं होतं. भारतात अशा शोधासाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांत मार्ग आहे, पण जन्मदात्या आईच्या गुप्ततेचाही मान ठेवला जातो. असा कुणी तुमच्या गल्लीत जुना पत्ता विचारत आला, तर “आता काय त्याचं” म्हणू नका. शांतपणे ऐका, ठाऊक असेल तेवढं सांगा आणि ज्या बाईबद्दल विचारतोय ती हयात असेल तर आधी तिला एकटीला विचारा.

नातीला काय सांगायचं?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. शंभर वर्षांनी कुणी शोध घेईल तेव्हा निदान एक चौकट तरी भरलेली असेल. आपल्या पणजीसाठी हे उशिरा झालं. पण तिला ओळखणारं कुणीतरी अजून आहे. पुण्याची मावशी असेल, कुंभकोणमचे काका असतील, किंवा तुम्ही स्वतःच असाल.

एक कागद घ्या. वर तुमचं नाव लिहा. खाली आईचं, तिच्या आईचं, तिच्या आईचं, अशी फक्त बायकांची रेघ काढा. प्रत्येकीपुढे दोन नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं, आणि माहेरचं गाव. जे ठाऊक नाही तिथे जागा सोडा आणि ते कुणाला ठाऊक असेल त्याचा फोन नंबर पेन्सिलने लिहा. कागदाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. कुणीतरी नक्की दुरुस्ती सांगेल. आपल्या घरांत चूक दाखवायला माणसं लगेच पुढे येतात, त्याचा इथे फायदा होतो.

पुढच्या रविवारी नात पुन्हा कॉल करेल. तेव्हा एका चौकटीत जरी नाव भरता आलं, तरी तिला ते नाव नीट म्हणायला शिकवा. मिशिगनच्या शाळेत ती ते मोठ्याने वाचणार आहे.